झाशीचे दप्तर

झाशी शहराच्या जुन्या तटाबाहेर, छावणीच्या हद्दीत, सदर बाजार नावाची पेठ आहे. उत्तर हिंदुस्थानात जेथे जेथे इंग्रजांनी पलटणी ठेवल्या तेथे तेथे अशी एक पेठ वसली, आणि बहुधा तिचे नाव हेच पडले. माझी एक मावशी लग्न होऊन या पेठेत गेली. यजमान निवर्तल्यावर राहते घर आपल्या नावे व्हावे म्हणून तिला एका जुन्या नोंदीची नक्कल हवी होती. तीन वर्षे ती या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालीत होती. शेवटी तिने मला पत्र घातले: "तू सरकारी माणूस. सातबाऱ्याचे उतारे देण्यात तुझी हयात चालली आहे. मला एक कागद मिळवून दे."

मी मोठ्या आत्मविश्वासाने झाशीस गेलो आणि तेथे पहिल्याच दिवशी माझे ज्ञान उघडे पडले. आपला तलाठी तिकडे लेखपाल. १९५३ पर्यंत तो पटवारी होता. आपल्या सातबाऱ्यात जे एका पानावर मावते, ते तिकडे दोन पुस्तकांत विभागलेले असते. खसऱ्यात शेताचा नंबर आणि पीक, खतौनीत खातेदार. फेरफाराला दाखिल-खारिज म्हणायचे, गावच्या नकाशाला शजरा, आणि हे सारे जेथे बस्त्यांत बांधून ठेवलेले असते त्या जिल्हा कचेरीतील दप्तरखान्याला मुहाफिजखाना. शब्द फारसी, पण आपल्या पेशवाई दप्तराचे शब्द तरी कोठले वेगळे होते? दोन दिवसांत ते ओळखीचे वाटू लागले.

पण मावशीचा कागद मुहाफिजखान्यात नव्हता, आणि तो तेथे असण्याचे कारणही नव्हते. कोणाची चूक म्हणावी तर ती आमचीच. कोणत्या कचेरीत जावे हे ठरविण्यापूर्वी आपण उभे आहो ती जमीन त्या काळी कोणाच्या अमलात होती हे विचारावे लागते, आणि झाशीत या प्रश्नाचे उत्तर पावलापावलावर बदलते.

ही गोष्ट थोडी मागून सांगितली पाहिजे. छत्रसालाने बाजीरावास दिलेल्या मुलखातून बुंदेलखंडात मराठ्यांचा अंमल आला. पुढे नारो शंकरांनी झाशीची पेठ वाढविली आणि त्यानंतर नेवाळकर घराण्याकडे सुभा गेला. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी त्यांनी दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसीने तो नामंजूर करून १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. येथवरचा इतिहास शाळेतील मुलालाही पाठ असतो. मला लक्षात आणून द्यावयाची आहे ती मधल्या महिन्यांतील एक गोष्ट. राणी लक्ष्मीबाईंनी गव्हर्नर जनरलाकडे जे खलिते पाठविले, ते केवळ विनवणीचे नव्हते. त्यांत दप्तराचा पुरावा होता. १८०४ मध्ये शिवराव भाऊंशी झालेला करार आणि १८१७ मध्ये रामचंद्ररावांशी झालेला तह यांचा त्यांत आधार घेतलेला आहे. या दुसऱ्या तहात वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना वंशपरंपरा राज्य मान्य केले होते. शिवाय दतिया, ओर्छा, जालौन या शेजारच्या संस्थानांतील दत्तकांचे दाखले त्यांनी पुढे केले होते. हे दाखले शोधून, त्यांच्या नकला करून, अर्जाला जोडणारे कोणी कारकून त्या वाड्यात बसले असतील. त्यांची नावे इतिहासात नाहीत. आमच्या खात्यातील माणसाला ती नावे नसल्याची चुटपुट लागते.

ते खलिते आज वाचावयास मिळतात, पण झाशीत नव्हे. कंपनी सरकारच्या परराष्ट्र खात्यात प्रत्येक कागदाला तारीख आणि क्रमांक देण्याची शिस्त होती. त्यामुळे ते खात्याच्या कार्यवाहीत नोंदले गेले, १८५५ मध्ये पार्लमेंटपुढे ठेवलेल्या छापील कागदांत आले, आणि मूळ दप्तर कलकत्त्याहून पुढे दिल्लीस राष्ट्रीय अभिलेखागारात आले. हे अभिलेखागार १८९१ मध्ये कलकत्त्यास स्थापन झाले. त्याच्या सूच्यांचा मोठा भाग आता 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येतो. शोधताना मात्र 'झाशी' या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग जुन्या कारकुनांनी चार तऱ्हांनी केले आहे हे ध्यानात ठेवावे. एका तऱ्हेने काही सापडले नाही म्हणून कागदच नाही असे समजून उठू नये.

खुद्द झाशीतील कागदांवर दोन आघात झाले. १८५७ च्या जूनमध्ये छावणीत उठाव झाला तेव्हा इंग्रजी कचेऱ्यांतील दप्तराचा बराच भाग नष्ट झाला. १८५८ च्या एप्रिलच्या आरंभी सर ह्यू रोजच्या फौजा शहरात शिरल्या तेव्हा वाड्यातील ग्रंथसंग्रहाची वाताहत झाली. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी त्या दिवसांत झाशीत राहून जे पाहिले ते 'माझा प्रवास' मध्ये आहे. हे पुस्तक १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापले. पण त्यात संपादकाचा हात बराच फिरला होता, आणि मूळ हस्तलिखिताप्रमाणे पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच आठवणींच्या दोन छापील प्रतींत एवढा फरक पडू शकतो. मूळ कागदाची खरी नक्कल का मागावी, याला आणखी पुरावा नको. १८५७ पूर्वीच्या झाशीसाठी पुण्याचे पेशवे दप्तर, दिल्ली, लखनौ आणि प्रयागराज असा फेरा घालावा लागतो. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले, आणि आरंभ तेथूनच करणे सोयीचे. १८५७-५९ च्या बुंदेलखंडासाठी उत्तर प्रदेश सरकारने १९५९ मध्ये काढलेला रिझवी आणि भार्गव यांचा साधनखंड हाताशी असला की पुष्कळ पायपीट वाचते.

यानंतर झाशीच्या कागदांचा खरा घोळ सुरू होतो. १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर आणि किल्ला शिंद्यांना देऊन टाकला आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला व मुरार यांच्या बदल्यात परत घेतला. पंचवीस वर्षे तटाच्या आतली झाशी ग्वाल्हेर संस्थानात होती. तटाबाहेर इंग्रजांची छावणी व जिल्ह्याची कचेरी होती आणि तिला झाशी नौआबाद म्हणत. अशा स्थितीत १८७५ सालचे शहरातील खरेदीखत इंग्रजी निबंधकाच्या पुस्तकात कसे सापडावे? ते ग्वाल्हेरच्या अमलातले. जेनकिन्सनने जिल्ह्याची जमाबंदी केली व १८७१ मध्ये तिचा अहवाल दिला. त्यात शहर नाही. इंपे आणि मेस्टन यांच्या १८९३ च्या दुसऱ्या जमाबंदीपर्यंत शहर परत आलेले होते. ललितपूरची गत आणखी निराळी. तो जिल्हा १८९१ मध्ये झाशीत विलीन झाला आणि १९७४ मध्ये पुन्हा वेगळा झाला. तिकडे शेती असलेल्या मराठी कुटुंबांनी मधल्या काळातील कागद झाशीतही पाहावेत. जमीनदारी १ जुलै १९५२ रोजी संपली. म्हणून तिकडचे वकील १३५९ फसलीची खतौनी प्रथम मागतात. फसली सनात ५९२ मिळवले की इसवी सनाचे वर्ष निघते. हा सन जुलैत सुरू होत असल्याने तो दोन इंग्रजी वर्षांवर पडतो.

आता मावशीच्या घराकडे येतो. सदर बाजार छावणीत. छावणीतील जमीन तहसिलीच्या खतौनीत शोधून उपयोग नाही. तिची नोंद छावणीच्या सामान्य भूमी नोंदवहीत असते. ती कँटोन्मेंट बोर्डाकडे किंवा संरक्षण संपदा अधिकाऱ्याकडे पाहावी लागते. आम्ही बोर्डाच्या कचेरीत लेखी अर्ज दिला. पाहण्याचा अर्ज वेगळा, नकलेचा वेगळा. आधी पाहून नोंदीचा क्रमांक टिपून घ्यावा आणि मग नेमकी तेवढीच नक्कल मागावी. 'घरासंबंधी सर्व कागद मिळावेत' असे लिहिणाऱ्याचा अर्ज बहुधा टेबलावरच राहतो.

पहिल्या दिवशी काही सापडले नाही. मावशी आडनावाने शोधीत होती. उत्तरेकडील जुन्या नोंदवह्यांत आडनावाला फारसे स्थान नाही. तेथे माणसाचे नाव, 'वल्द' म्हणून बापाचे नाव, मग जात आणि मोहल्ला. आमच्या लोकांची जात पुष्कळदा 'दक्खिनी पंडित' एवढीच लिहिलेली असते. १९०० पर्यंत तर हे बहुधा फारसी लिपीत लिहीत. त्या वर्षी वायव्य प्रांत व अयोध्या यांच्या कचेऱ्यांत नागरीला वाव मिळाला. मी मावशीला तिच्या आजेसासऱ्यांचे नाव विचारले. तिने क्षणभर थांबून ते सांगितले. दुसऱ्या दिवशी बापाच्या नावावरून नोंद मिळाली. सासऱ्यांच्या नावापुढे 'दक्खिनी' असेच लिहिले होते. घराच्या मालकाच्या रकान्यात त्यांचे नाव, आणि जमिनीच्या मालकाच्या रकान्यात भारत सरकार.

मावशीला हे नवे होते. साठ वर्षे ज्या अंगणात तिने तुळस लावली ते अंगण आपले नाही, हे तिला त्या दिवशी कळले. गव्हर्नर जनरलाच्या १८३६ च्या १७९ क्रमांकाच्या हुकुमापासून बंगाल इलाख्यातील छावण्यांत असा प्रघात आहे की घर रहिवाशाचे आणि खालची भूमी सरकारची. मी हे समजावून सांगू लागलो तर ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षे मी भाडेकरू होते?" भाडेकरू नव्हे, असे मी म्हणालो, पण तिचे समाधान झाल्याचे दिसले नाही.

नकलेच्या बाबतीत एक सूचना केली पाहिजे. कागद हाती आला म्हणजे काम झाले असे नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ७६ व्या कलमाने सार्वजनिक कागद पाहण्याचा ज्याला हक्क आहे त्याला फी भरून नक्कल मिळण्याचा हक्क दिला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ७५ वे आहे. नकलेच्या तळाशी 'खरी नक्कल' असा दाखला, तारीख, अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा आणि जेथे शिक्का असतो तेथे शिक्का, हे सारे असेल तरच ती पुराव्यात चालते. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये भरून जे मिळते त्यावरही असा दाखला आहे की नाही हे घेताना पाहावे. खरेदीखतासाठी निबंधकाकडे गेल्यास १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे पहिले पुस्तक, म्हणजे स्थावराचे, व त्याची सूची कोणालाही पाहता येते. मृत्युपत्रांचे तिसरे पुस्तक तसे नाही. ते करणारा जिवंत असेतो नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, आणि शोध निबंधक स्वतः घेतो.

मावशीची नक्कल बाराव्या दिवशी तयार झाली. तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग बोटाने सासऱ्यांच्या नावावर टेकवून म्हणाली, "आडनाव नाही, पण बापाचे नाव शुद्ध लिहिले आहे," आणि ती घडी करून देवघरातल्या डब्यात ठेवली. अर्जासोबत जोडण्यासाठी दुसरी नक्कल मागवावी लागली.