सुरुंग, तुरुंग आणि कलम: आटपाडीच्या घरातलं ग्रीक-लॅटिन

आजच्या भागात लढाई नाही, तह नाही. आज शब्दांचा प्रवास बघायचाय, आणि तोही आपल्या आटपाडीतून.

विषय कुठून निघाला ते सांगतो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोरगं अकरावी सायन्सला जातं आणि सगळं एकदम इंग्रजीत सुरू होतं. शंभर-शंभर शब्द पाठ करायचे, आठवड्यात विसरायचे. हुशार पोरंही तिथं बिचकतात. यावर एक जुना उपाय आहे: शब्द पाठ करू नका, त्याचं मूळ धरा. इंग्रजीतल्या शास्त्रीय शब्दांची मुळं बहुतेक लॅटिन आणि ग्रीकमध्ये आहेत. मग लोक म्हणतात, ‘‘अहो, माणदेशात लॅटिन-ग्रीक शिकवणार कोण?’’

माझं म्हणणं असं, की ते आधीच घरात येऊन बसलंय. फक्त ओळख करून द्यायची राहिलीय.

विहिरीपासून सुरू करू. आपल्या दुष्काळी भागात विहीर खोदताना कातळ लागला की काय लावतात? सुरुंग. ग्रीकमध्ये ‘सिरिंक्स’ म्हणजे पोकळ नळी, पावा. तिथून संस्कृतात ‘सुरुंगा’ आला, अर्थ भुयार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो याच अर्थानं सापडतो. पुढं भुयारात दारू ठासून उडवायला लागले आणि शब्द स्फोटाला चिकटला. आता दवाखान्यातली सिरिंज आठवा. तीही पोकळ नळीच. विहिरीतला सुरुंग आणि डॉक्टरची सिरिंज, दोघांचं मूळ एक!

आता डाळिंबाच्या बागेत चला. रोप कसं करतात? कलम बांधून. ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू, लव्हाळ्याची काडी. अरबीत तो ‘कलम’ झाला, फारसीतून दरबारी कागदपत्रांत आला. आधी लेखणी, मग कायद्याचं कलम, आणि कापलेल्या फांदीचंही कलम. शिवकाळात फारसीऐवजी संस्कृत शब्द सुचवणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, तरी कलम काही हललं नाही.

ग्रीक इतक्या लांब आले कसे? अलेक्झांडरनंतर वायव्येला ग्रीक राजे राज्य करत होते, आणि आपल्या बंदरांतून रोमन जगाशी व्यापार चालायचा. त्यांचं नाणं ‘द्राख्मा’. आपल्याकडं त्याचं ‘द्रम्म’ झालं. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत हिशेब दिलाय: १६ पण म्हणजे एक द्रम्म. त्याचाच पुढं ‘दाम’ झाला. ज्योतिषाबरोबर ‘केंत्रोन’ आला, म्हणजे टोकदार काठी, कंपासचं टोक. त्याचं आपलं ‘केंद्र’, इंग्रजीत ‘सेंटर’. परीक्षा केंद्र म्हणा नाहीतर एक्झाम सेंटर, शब्द एकाच घरातले.

लॅटिन मात्र समुद्रावरून आलं. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. तिनं आपल्याला चावी दिली, साबण दिला, पाव दिला, पगार दिला. लॅटिन ‘क्लाविस’ म्हणजे चावी. म्हणून गळ्याजवळचं हाड क्लॅव्हिकल, छोटी चावी. ‘पानिस’ म्हणजे पाव. एकत्र भाकरी खाणारे ते सोबती, त्यावरून कंपनी. आणि पगार? त्याच्या मुळाशी ‘शांत करणं’ हा अर्थ आहे. ज्याचं देणं आहे त्याला पैसे देऊन शांत करायचं. त्याच मुळाचा पॅसिफिक. म्हणून आपण प्रशांत महासागर म्हणतो!

आता खास आपल्या गावचा शब्द. आटपाडी औंध संस्थानात होती, तेव्हा राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांच्या काळात जवळच स्वतंत्रपूर वसलं. भिंती नसलेला तुरुंग, जिथं कैदी शेती करत राहतात. त्यावरूनच व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आंखें बारह हाथ’ आला, कथा आपल्या गदिमांची. पण ‘तुरुंग’ शब्द कुठला? पोर्तुगीज ‘ट्रोंको’, त्यामागं लॅटिन ‘ट्रुंकुस’, म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय लाकडात अडकवायचे. आपणही त्या लाकडाला खोडाच म्हणतो. इंग्रजीत खोडाला ट्रंक म्हणतात, तो हाच. खोड्यावरून नाव पडलेला तुरुंग, आणि तो आमच्या गावाशेजारी बिनभिंतींचा!

इथं एक सावधगिरी. सुरुंग आणि तुरुंग यमकात बसतात, पण एक ग्रीक, दुसरा लॅटिन, नातं काही नाही. उलट पाव आणि कंपनी दिसायला परके, पण सख्खे. म्हणून नुसत्या आवाजावर जाऊ नका, कोश बघा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती १८५७ ची, मोबाइलवर फुकट उघडतो. कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्तिकोश वाचनालयात मागा.

घरी एवढंच करा. रोज एक शब्द, तोही घरातला किंवा शेतातला. त्याचं मूळ सांगा. मग विचारा, ‘‘हेच मूळ शाळेच्या पुस्तकात कुठं दिसतं?’’ पोर स्वतः शोधेल, ते टिकेल. शिक्षक नाही म्हणून अडायचं कारण नाही. त्याच औंधात बसून पंडित सातवळेकरांनी लोकांना घरबसल्या संस्कृत शिकवलं, पुस्तकाचं नावच ‘संस्कृत स्वयंशिक्षक’.

आणि आईवडिलांनो, इंग्रजी येत नाही म्हणून मागं सरू नका. चावी, पगार, कलम, सुरुंग हे शब्द तुमचेच आहेत. पोराला पुस्तकात सिरिंज दिसेल तेव्हा विहिरीची गोष्ट तुम्हीच सांगू शकता, मास्तर नाही.

तुमच्या घरातला एखादा शब्द पाठवा, पुढच्या भागात त्याचं मूळ शोधू. भेटूया!