किल्लारीचा भूकंप आणि येडशीची भिंत

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपाचा इतिहास बहुधा प्राणहानीच्या आकड्यावरून सांगितला जातो. सुमारे 6.2 परिमाणाच्या या भूकंपात जवळजवळ 8,000 माणसे दगावली. प्रस्तुत टिपणात मात्र वेगळ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विभंगाजवळ जमीन किती हादरली, हे आपणांस कशावरून कळते?

विभंगाजवळचे हादरे केवळ अंतरावर अवलंबून नसतात. भंग कोणत्या दिशेने पसरला, खडकाचा कोणता भाग वर सरकला आणि पायाखाली मुरूम आहे की काळी माती, यांवर शेजारशेजारच्या गावांचे भाग्य ठरते. किल्लारीचा भंग उथळ होता. तो पृष्ठभागावरही उमटला. त्यामुळे अत्यंत हानीचे क्षेत्र तेरणाकाठी किल्लारी-सास्तूरच्या परिसरात एकवटले आणि बाहेर तिची तीव्रता झपाट्याने उतरली.

परंतु त्या क्षेत्रात त्वरणाची नोंद करणारे यंत्र नव्हते. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपात धरणाच्या अंतर्मार्गिकेतील यंत्राने गुरुत्वीय त्वरणाच्या 0.63 पट इतकी नोंद केली होती. किल्लारीस असा साक्षीदार लाभला नाही. तेथे साक्ष दिली ती पडलेल्या भिंतींनी.

ही साक्ष मोलाची खरी, पण निर्भेळ नव्हे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माथ्यावर माळवदाचे ओझे, अशी ती घरे होती. भिंत ढासळली तरी लाकडी खांबांवरचे माळवद काही ठिकाणी उभे राहिले. म्हणजे तीव्रतेच्या नकाशात जमिनीच्या हादऱ्याबरोबर बांधणीचा दुबळेपणाही मोजला गेला आहे. हे दोन घटक वेगळे केल्यावाचून नकाशा वाचणे म्हणजे कागदपत्राचा लेखक न ओळखता मजकूर स्वीकारणे होय.

येडशी किल्लारीच्या वायव्येस सुमारे 70 किलोमीटरवर, अत्यंत हानीच्या क्षेत्राबाहेर आहे. तेथील जुनी दगडमातीची भिंत त्या पहाटेनंतरही उभी राहिली असेल, तर ते तिच्या बळाचे प्रमाण नव्हे, अंतराचे आहे. भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. स्थलांतराने जागा बदलते, परंतु जेथे गाव हलले नाही तेथे भिंतीची परीक्षा अजून व्हावयाची आहे. ‘आमच्याकडे काही झाले नाही’ या वाक्याचा इतिहासकाराने एवढाच अर्थ घ्यावा.