टोपलीच्या खेळाला वाहिलेले आयुष्य

आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी शाळांच्या पटांगणांवर दोन टोकांना लोखंडी कडी लावलेले खांब दिसतात. बास्केटबॉल हा खेळ भारतात आला तो वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती संस्थेमार्फत. तो जन्मला 1891 च्या डिसेंबरात, अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी. जनक डॉ. जेम्स नायस्मिथ हे धर्मशास्त्राचे पदवीधर. भिंतींना पीचच्या टोपल्या टांगून त्यांनी थंडीत कोंडलेल्या विद्यार्थ्यांची सोय लावली. हा खेळ तरुणांचे शरीर व चारित्र्य घडवील, याहून अधिक काही त्यांनी त्याच्याकडून मागितले नाही.

पुढे 1898 मध्ये नायस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले. तेथे त्यांना फॉरेस्ट ॲलन हा विद्यार्थी लाभला. भोंग्यासारख्या आवाजामुळे लोक त्याला ‘फॉग’ म्हणत. आपण प्रशिक्षक होणार असे त्याने गुरूला सांगितले, तेव्हा हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे उत्तर त्याला मिळाल्याची कथा प्रसिद्ध आहे. गुरूचा स्वतःचा हिशेबही तसाच होता: नायस्मिथ यांच्या संघाने 55 सामने जिंकले, 60 गमावले!

शिष्याने मात्र ते ऐकले नाही. ॲलन यांनी कॅन्ससचा संघ एकंदर 39 हंगाम सांभाळला. ते अस्थिचिकित्सेचे शिक्षण घेतलेले वैद्य होते. खेळाडूंचे दुखरे गुडघे व खांदे स्वतःच्या हातांनी चोळीत. 1927 मध्ये नियम समितीने चेंडू आपटत नेण्यावर कडक मर्यादा घालण्याचे ठरविले. ॲलन यांनी देशभरच्या प्रशिक्षकांना एकत्र करून त्यांची संघटना उभारली आणि तो बेत हाणून पाडला. आज मुले चेंडू आपटीत धावतात, त्यामागे हा हट्ट आहे. ऑलिम्पिकमध्ये या खेळाला स्थान मिळावे म्हणूनही ते वर्षानुवर्षे झगडले. अखेर 1936 साली बर्लिनला तो खेळला गेला. प्रशिक्षकांच्या संघटनेने निधी जमवून वृद्ध नायस्मिथ यांना तेथे पाठविले. ज्या गुरूचा शब्द मोडला, त्याचाच असा सन्मान शिष्याच्या खटपटीतून घडला.

1952 मध्ये ॲलन यांच्या संघाने व्हिन्सेंशियन धर्मगुरूंच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाला 80-63 असे नमवून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. पण एकनिष्ठेची खरी परीक्षा विजयात होत नाही. 1955 साली विल्ट चेंबरलेन हा सात फुटी तरुण ॲलन यांच्याच प्रयत्नाने कॅन्ससला आला. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात घेत नसत. आणि विद्यापीठाचा निवृत्तीचा नियम होता सत्तरीचा. ॲलन यांना मुदतवाढ हवी होती. ती मिळाली नाही. 1956 मध्ये, 746 विजय पदरी असलेला हा माणूस मैदानाबाहेर झाला. पुढच्याच हंगामात चेंबरलेनचा संघ अंतिम सामना तीन जादा डावांनंतर अवघ्या एका गुणाने हरला.

मोशेने वचनदत्त भूमी दुरूनच पाहिली, हे आम्हांला येथे आठवते. तरीही ॲलन यांचे श्रम वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या हाताखाली खेळलेले ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ हे पुढे स्वतः नामांकित प्रशिक्षक झाले. त्या दोघांच्याही विजयांची संख्या गुरूच्या पुढे गेली. शिकवता येत नाही असे जे म्हटले गेले, ते असे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले.

मग गुरू चुकला काय? आम्हांला तसे वाटत नाही. खेळ माणसासाठी आहे, हे नायस्मिथ यांचे भान सुटले, तर निष्ठेचा हव्यास व्हायला वेळ लागत नाही. आणि ॲलन यांच्यासारखा ध्यास नसेल, तर चांगली कल्पनाही भिंतीवरच्या टोपलीतच पडून राहते. 1955 मध्ये उघडलेल्या कॅन्ससच्या क्रीडागृहाला ॲलन यांचे नाव आहे. त्याच्या आतील मैदानाला नायस्मिथ यांचे. दोघांना एकाच छपराखाली जागा मिळाली, हे उचितच झाले.