कॅमेऱ्याचे दावे आणि त्यांची पडताळणी

जपानी कॅमेऱ्यांच्या निर्यातीपूर्व तपासणीसाठी १९५४ मध्ये जेसीआयआय ही संस्था स्थापन झाली. तपासणीत उतरलेल्या कॅमेऱ्यावर ‘पास्ड’ अशी अक्षरे असलेले सोनेरी लंबगोल लेबल चिकटवले जाई. जुन्या कॅमेऱ्यांवर ते आजही दिसते. पुढे डिजिटल एसएलआर आला आणि दाव्यांचा वाद मेगापिक्सेलवर आला. २००२ च्या सिग्मा एसडी९ मध्ये सेन्सरचे तीन थर एकाखाली एक होते. चित्रात पिक्सेल सुमारे ३४ लाखच, पण तिन्ही थरांची बेरीज करून आकडा १ कोटीपलीकडे नेला गेला. बेरीज बरोबर होती. प्रश्न तिच्या अर्थाचा होता.

त्याच वर्षी स्थापन झालेल्या सीपा या जपानी संघटनेने मोजमापाच्या पद्धती ठरवल्या. बॅटरीच्या चाचणीत दर ३० सेकंदांनी एक फोटो, एकाआड एक फोटोला फ्लॅश आणि अधूनमधून कॅमेरा बंद करून पुन्हा चालू, असा क्रम असतो. प्रत्यक्षात इतका फ्लॅश सहसा कोणी वापरत नाही, त्यामुळे पुस्तिकेतल्या आकड्याहून जास्त फोटो निघणे नवलाचे नाही. हात हलण्यावरील उपायाचे मोजमाप मात्र २०१२ मध्ये प्रमाणित झाले. तोवर या उपायाचा ‘चार स्टॉप’ फायदा म्हणजे नेमका किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे.