पानिपत नावाचं गाव

1999 साली ह्यांची बदली पानिपतच्या रिफायनरीत झाली, तेव्हा साताऱ्याहून माझ्या काकांचं पत्र आलं. मजकूर नेहमीचाच, शेवटी मात्र एक ओळ होती, "त्या गावात सांभाळून राहा." काकांनी पानिपत कधी पाहिलं नव्हतं. पण आपल्याकडे हे गाव पाहावं लागत नाही, ते बोलण्यातच असतं. कुणाचा धंदा बुडाला की त्याचं पानिपत झालं, आणि कुणी विश्वासाची गोष्ट काढली की विश्वास पानिपतात मेला. मीही हेच ऐकत मोठी झाले.

आता माझं निम्मं आयुष्य इथं गेलंय. दर 14 जानेवारीला, लढाईच्या दिवशी, महाराष्ट्रातून माणसं गाड्या करून येतात. शहराबाहेर काला आंबच्या स्तंभापाशी भगवे झेंडे लागतात, पोवाडे होतात, लोक तिथली माती कपाळाला लावतात. मीही जाते आणि दर वर्षी डोळे भरून येतात. 1760 च्या नोव्हेंबरपासून अडीच महिने भाऊसाहेबांचं लष्कर इथं अडकून पडलं होतं. अब्दालीनं यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडवली, रसद तोडली, आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणत आपली माणसं बाहेर पडली. हे विसरायचं नाहीच. वाईट एवढ्याचंच वाटतं, की त्या गाड्या संध्याकाळी हमरस्त्यानं नव्वद किलोमीटरवरच्या दिल्लीला परत जातात. गावात कुणीच येत नाही.

एका वर्षी काका आले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाताला धरून गावात नेलं.

आधी इन्सार बाजार. हे नाव अन्सारींचं. हेरातहून आलेली ही घराणी बल्बनाच्या काळापासून, म्हणजे तेराव्या शतकापासून, इथं नांदली. त्यांच्यातच 1837 साली उर्दू कवी अल्ताफ हुसैन हाली जन्मले. दिल्लीला जाऊन ते गालिबच्या सहवासात राहिले आणि पुढे 1897 साली त्यांनीच गालिबचं चरित्र लिहिलं. महाराष्ट्रात विधवांच्या प्रश्नावर सुधारक बोलू लागले होते, त्याच सुमारास, 1884 साली, हालींनी विधवेच्या तोंडून केलेली प्रार्थना कविता म्हणून लिहिली. हे सांगितल्यावर काका बाजारातच थांबले. "हे इथलं?" त्यांनी विचारलं. मी त्यांना बू अली शाह कलंदरच्या दर्ग्यात नेलं. कलंदर 1324 साली वारले. दर्ग्याच्याच आवारात हालींची कबर आहे. गुरुवार होता. कव्वाली चालू होती, आणि चादर घेऊन आलेल्यांत माझ्या ओळखीच्या दोन पंजाबी बायका होत्या. काकांनी चपला काढल्या आणि कबरीसमोर हात जोडले.

हालींच्या माणसांचं पुढं काय झालं, असं त्यांनी विचारलं. हालींचे पणतू ख्वाजा अहमद अब्बास 1914 साली इथंच जन्मले, मुंबईला गेले आणि त्यांनी 'आवारा', 'श्री 420' हे चित्रपट लिहिले. पण 1947 साली फाळणीत इथली मुसलमानांची वस्ती, म्हणजे गावातली बहुसंख्य माणसं, उठली. गांधीजी 10 नोव्हेंबरला आणि पुन्हा 2 डिसेंबरला दिल्लीहून इथं आले. गाव सोडू नका म्हणून त्यांनी मुसलमानांना विनवलं, यांना राहू द्या म्हणून निर्वासितांना विनवलं. तरी गाव रिकामं झालंच. आपल्या पानिपताला एक दिवस लागला होता. या गावाचं स्वतःचं पानिपत काही महिने चाललं, आणि त्याचा पोवाडा कुणी गात नाही.

ग्रीसच्या थ्रेस प्रांतात कोमोतिनी नावाचं असंच एक जिल्ह्याचं शहर आहे. 1923 मध्ये लोझानच्या करारानं ग्रीस आणि तुर्कस्ताननं धर्म पाहून माणसांची अदलाबदल केली. दहा लाखांहून जास्त माणसं घराला मुकली. पश्चिम थ्रेसच्या मुसलमानांना त्यातून वगळलं, म्हणून कोमोतिनीत आजही बाजारात ग्रीक आणि तुर्की दोन्ही भाषा कानावर पडतात. त्या शहराबद्दल वाचलं की मला वाटतं, आमच्याही गावाला अशी सवलत मिळायला हवी होती.

पानिपतच्या रिकाम्या घरांत सीमेपलीकडच्या झंग, मुलतान, लय्याची माणसं आली. आमच्या गल्लीतल्या बीजी लय्याच्या, सिंधूकाठच्या. येताना त्या लोकांनी आपला हनुमान बरोबर आणला. दसऱ्याआधी चाळीस दिवस पुरुष व्रत धरतात, देवळात जमिनीवर झोपतात, अनवाणी चालतात. मग दसऱ्याला अंगभर शेंदूर माखून, डोक्यावर हनुमानाचा भलामोठा मुकुट चढवून ढोलाच्या तालावर गल्लोगल्ली फिरतात. बीजींच्या दारात मुकुट आला की त्या पायावर पाणी घालतात आणि एकच शब्द बोलतात, "लय्या."

त्याच लोकांनी इथं माग उभे केले. आज हे शहर सतरंज्या, गालिचे आणि घोंगड्यांवर जगतं. शेवटी मी काकांना एका गोदामात नेलं. युरोप-अमेरिकेत वापरून टाकलेले लोकरी कपडे कांडला बंदरातून इथं येतात. त्यांचे छतापर्यंत ढीग लागले होते, लाल वेगळा, निळा वेगळा, कारण रंग आधीच निवडला की सूत पुन्हा रंगवावं लागत नाही. खाली बायका ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीसमोर उभं पातं, अगदी आपल्या विळीसारखं. कोट उचलायचा, पात्यावर ओढायचा, बटणं एका बाजूला, चेन दुसऱ्या बाजूला, अस्तर तिसऱ्या. उरलेली लोकर पिंजून तिचं सूत होतं आणि सुताची घोंगडी. भूकंप-पुरात जगभर जी घोंगडी वाटली जातात, त्यांतली कितीतरी इथली असतात. हवेत तंतू उडत होते. बायकांनी ओढणीनं नाक-तोंड बांधलेलं होतं, तरी खोकला चालूच होता. त्यांतल्या एकीनं, ती बिहारहून आलेली, काकांना बसायला गठ्ठा पुढं सरकवला. काका बराच वेळ तिचे हात पाहत बसले. मग म्हणाले, "आई वाकळ शिवायची तेव्हा अशाच चिंध्या निवडायची गं."

जाताना त्यांनी एक राखाडी घोंगडी घेतली. साताऱ्याला थंडीत ते तीच पांघरतात. काकू सांगतात, कुणी विचारलं तर म्हणतात, "पानिपतची आहे." पुढं काही जोडत नाहीत.