इडापिडा टळो

इंग्रजीत 'ब्लो ओव्हर' असे एक क्रियापद आहे. संकट आले, घोंगावले आणि वाऱ्याबरोबर निघून गेले, एवढा सारा अर्थ त्या दोन चिमुकल्या शब्दांत! वर्गात ते शिकवताना फळ्यावर मराठी प्रतिशब्द लिहायची पाळी आली की माझा खडू थबकतो. 'निवळणे' म्हणावे तर ते पाण्याचे, 'ओसरणे' म्हणावे तर ते पुराचे. शिवाय ढग वरच्यावर निघून गेला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारा शेतकरी आमच्या मराठवाड्यात शोधायचा कुठे? १९७२ साल ज्यांनी पाहिले, त्यांना विचारा.

बलिप्रतिपदेला आपल्या आयाबहिणी ओवाळताना म्हणतात, 'इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो.' मला हे त्यातल्या त्यात जवळचे वाटते. पण वाचकहो, पिडा अशी आपोआप टळते काय?

आमच्या शहराचाच दाखला घ्या. तेव्हा ते औरंगाबाद होते. १९३८ साली येथल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुले 'वंदे मातरम्' म्हणू लागली. निजामी अमलाने मनाई केली, पोरे बधेनात. ते लोण हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले आणि शेकड्यांनी विद्यार्थी काढून टाकले गेले. 'माफी लिहून दे बाबा, चार दिवसांत सारे निवळेल,' असे कितीतरी बापांनी विनवले असेल. बापाचे काळीज दुसरे काय बोलणार? नागपूर विद्यापीठाने दार उघडले, म्हणून पुष्कळांचे शिक्षण तरले.

निवळले मात्र काहीच नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला देशात दिवे लागले, मराठवाडा अंधारातच राहिला. रझाकारांच्या धाकाने माणसे घरदार टाकून सरहद्दीपलीकडे गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचे सैन्य शिरले, १७ तारखेला निजाम शरण आला. पुढे दीड महिन्यात दिवाळी! तेव्हा माझा जन्मही नव्हता. पण त्या पाडव्याची ओवाळणी कशी झाली असेल, हे मनाशी रंगवायला मला फार आवडते.

मात्र त्याच दिवसांत उस्मानाबाद, नांदेडकडे कित्येक निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने गावोगाव हिंडून ते लिहून काढले. हे प्रकरण वाऱ्यावर निघून जाईल असेच सरकारला वाटले असावे. अहवाल दप्तरात बांधला गेला. सर्वांना तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहायला मिळू लागला २०१३ साली.