चिलटाचे हृदय

16 फेब्रुवारी 1980 च्या दुपारी सूर्यग्रहण होते. कर्नाटकाच्या काही भागात ते खग्रास दिसले, पुण्यात खंडग्रास. भीती मात्र आपल्याकडेही खग्रासच होती. रस्ते ओस पडले होते. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात दारे-खिडक्या बंद होत्या. मी दहा वर्षांचा होतो आणि आईला पाचवा महिना होता. घरात सात माणसे जेवायची, म्हणून ती विळीवर बसली आणि तिने मेथीची जुडी चिरली. जूनमध्ये माझा धाकटा भाऊ झाला. तो तीन महिन्यांचा असताना डॉक्टरांनी सांगितले की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. वाड्यातल्या काकूंचे निदान तयारच होते: "ग्रहणात विळी धरली, दुसरे काय होणार!"

भाऊ सहाव्या वर्षी शस्त्रक्रियेने बरा झाला. आज त्याला दोन मुले आहेत. आईच्या माथी बसलेला दोष मात्र बरा झाला नाही. ती तो कधी बोलून दाखवत नसे, पण पुढच्या प्रत्येक ग्रहणात ती हातावर हात ठेवून भिंतीशी बसून राही.

मी जीवशास्त्राचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेतून बँकेत लागलो आणि उरलेला वेळ ग्रंथालयांत घालवला. पोटातल्या बाळाचे हृदय बनते कसे, हा प्रश्न घेऊन वाचू लागलो आणि पोहोचलो तो केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांपाशी. आंब्या-पेरूच्या बागेत शेतकऱ्याला रडवणारी फळमाशी ती ही नव्हे. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला म्हणजे जास्त पिकलेल्या फळांभोवती फिरणारे, जेमतेम तीन मिलिमीटरचे, लाल डोळ्यांचे चिलट. 1910 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना त्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि जनुके गुणसूत्रांवर असतात हे सिद्ध करण्याची वाट उघडली. या किड्याची सोय अशी की दहा-बारा दिवसांत एक पिढी होते आणि अंड्यातून अळी एका दिवसात बाहेर पडते. त्या एका दिवसात आतडे, स्नायू आणि हृदय सगळे तयार होते.

आमच्या घरावर तो ठपका आला त्याच वर्षी, ऑक्टोबर 1980 मध्ये, 'नेचर' या नियतकालिकात क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ट आणि एरिक वीशाउस यांचा एक निबंध आला. जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे त्यांनी चिलटांच्या जनुकांत रसायनाने मुद्दाम बिघाड घडवले आणि ज्या वंशातली अंडी उबत नाहीत त्यांतले मेलेले भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून पाहिले. शरीराचे खंड पाडणारी पंधरा जनुके त्या निबंधात आहेत. पद्धत साधी होती: एक जनुक मोडायचे आणि काय बनले नाही ते पाहायचे. जे बनले नाही त्यावरून त्या जनुकाचे काम कळते. 1995 चे नोबेल पारितोषिक या दोघांना एडवर्ड लुइस यांच्यासह मिळाले.

याच शोधमोहिमेतून 'ट्विस्ट' आणि 'स्नेल' ही जनुके हाती लागली. अंडे फलित झाल्यावर सुमारे तीन तासांनी पोटाकडच्या पेशींची एक पट्टी आत दुमडते. या दोन जनुकांतले एकही नसेल तर ती नीट दुमडत नाही, आणि ज्या मधल्या थरातून स्नायू व हृदय घडायचे तो थरच तयार होत नाही. 1993 मध्ये रॉल्फ बोडमर यांनी दाखवले की आणखी एक जनुक बिघडले तर चिलटाच्या भ्रूणात हृदय बनत नाही, आतड्याभोवतीचे स्नायूही बनत नाहीत. त्याचे नाव ठेवले 'टिनमॅन', 'ओझचा जादूगार' या गोष्टीतल्या हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून. चिलटाचे हृदय म्हणजे पाठीलगतची एक साधी नळी. तरीही या जनुकाचा भाऊबंद माणसात आहे. 1998 मध्ये असे दिसले की काही कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेली मुले जन्मतात, त्यांच्यात हेच जनुक बिघडलेले असते.

हे सगळे परदेशात घडले असे मी बरीच वर्षे समजत होतो. धागे शोधू लागलो तेव्हा त्यातला एक थेट पुण्यात निघाला. एडिंबरोचे कॉनरॅड वॉडिंग्टन हे भ्रूणशास्त्र आणि आनुवंशिकी यांची सांगड घालणाऱ्या पहिल्या पिढीतले. त्यांच्याकडे शिकून लीला मुल्हेरकर पुण्याला आल्या. कोंबडीच्या भ्रूणावरचा त्यांचा एडिंबरोतला निबंध 1958 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी कोंबडीचा भ्रूण अंड्याबाहेर काढून काचेच्या बशीत वाढवण्याचे तंत्र विद्यार्थ्यांच्या हाती दिले. महागडी यंत्रे लागत नव्हती. ताजी अंडी, उबवणी पेटी आणि स्थिर हात एवढे पुरे होते. दुसऱ्या दिवशी त्या बशीत हृदय धडधडू लागते.

वॉडिंग्टन यांचा दुसरा धागा चिलटांचा. 1956 मध्ये त्यांनी चिलटांच्या अंड्यांना ईथरची वाफ दिली. काही चिलटांत मागच्या छोट्या संतोलकांच्या जागी पंखासारखे अवयव आले. अशीच चिलटे पिढ्यान् पिढ्या निवडत गेल्यावर पुढे ईथरशिवायही तशी चिलटे निपजू लागली. पुण्यात तेव्हा हा धागा आला नाही.

महाराष्ट्रात कुलाब्याला चिलटांवर काम झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1962 मध्ये ओबेद सिद्दीकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला. 1970 च्या दशकात त्यांनी चिलटांचे मज्जातंतू, चव आणि वास यांचा अभ्यास हाती घेतला. त्याच गटात के. विजयराघवन आले आणि प्रश्न स्नायूंकडे वळला. 1991 मध्ये जॉयस फर्नांडिस, मायकेल बेट आणि विजयराघवन यांचा निबंध आला. उडणाऱ्या चिलटाचे पंख सेकंदाला दोनशेच्या आसपास फडफडतात. ती ताकद देणारे छातीतले मोठे स्नायू येतात कुठून, हा त्यांचा प्रश्न होता. अळी कोशात गेली की तिचे बहुतेक स्नायू विरघळून जातात. मात्र छातीच्या प्रत्येक बाजूला तीन स्नायू शिल्लक राहतात. नव्या स्नायूपेशी त्यांच्याभोवती गोळा होऊन त्यांत मिसळतात, तीन उभे चिरले जाऊन सहा होतात आणि त्यांचाच आधार घेऊन नवे स्नायू वाढतात. कोशामध्ये सगळे मोडून नव्याने उभे राहते ही समजूत इथे अपुरी ठरली. पुढे हा गट बेंगळुरूला गेला. 2017 मध्ये तिथूनच कळले की प्रौढ चिलटाच्या स्नायूलाही, माणसाप्रमाणेच, इजा भरून काढणाऱ्या राखीव पेशी असतात.

2006 मध्ये पाषाणला 'आयसर' सुरू झाली. तिथे एल. एस. शशिधर यांच्या प्रयोगशाळेने पंख की संतोलक हे ठरवणाऱ्या 'अल्ट्राबायथोरॅक्स' या जनुकाचा अभ्यास केला. वॉडिंग्टन यांच्या ईथरने ज्याच्या कामात ढवळाढवळ केली होती, ते हेच. म्हणजे एडिंबरोचा एक धागा मुल्हेरकरांनी आणला, दुसरा यायला पन्नास वर्षे लागली. आज आघारकर संशोधन संस्थेतही चिलटांच्या बाटल्या आहेत.

"सरकारी पैशाने माशा पाळायच्या?" असे बँकेतले सहकारी मला विचारत. 1980 मध्ये हायडेलबर्गला मेलेले भ्रूण मोजणाऱ्या दोघांनाही रुग्णाची चिंता नव्हती. पण त्यांच्या वाटेने गेलेल्यांनी हृदयाच्या जनुकांची नावे काढली आणि कारण शोधण्याची जागा दाखवली. ती जागा अंगणातल्या आकाशात नव्हती.

माझ्या भावाचे कोणते जनुक बिघडले हे कुणी तपासलेले नाही. पण भ्रूणशास्त्राच्या पुस्तकातली एक साधी गोष्ट मला पुरली. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधला पडदा आठव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होतो. ग्रहणाच्या दिवशी आईला पाचवा महिना होता. छिद्र राहायचे ते त्याआधी दोन-अडीच महिने राहून गेले होते.

गेल्या दिवाळीत, अनारसे थापताना, मी बोटांवर महिने मोजून हे तिला सांगितले. ती आता शहाऐंशीची आहे. तिने स्वतःच्या बोटांवर ते महिने पुन्हा मोजले. मग पीठ लागलेले हात तसेच ठेवून म्हणाली, "हे काकू असताना कळायला हवे होते रे."

काकू 1994 मध्ये गेल्या.